तेरा पायऱ्या

हॅलिवेलांच्या घरी रविवारचं जेवण एक वाजता म्हणजे एक वाजता. आभाळ कोसळो नाहीतर सरकार पडो, एकच्या ठोक्याला डोरीनचं भाजलेलं बीफ टेबलावर यायचं. आणि सव्वा वाजता क्रेगचं तोंड सुटायचं, तेही तितक्याच शिस्तीत.

"सतरा महिने!" क्रेगने बटाट्यात काटा खुपसला. "सतरा महिने झाले बाबांचं नाव ऑपरेशनच्या यादीत घालून. खुबा झिजून पीठ व्हायची वेळ आली, आणि ही मंडळी बसलीत याद्या करत. कर मात्र वेळच्या वेळी हवा! त्याला नाही लागत यादी!"

"ग्रेव्ही सरकव रे इकडे," क्लिफर्ड म्हणाला.

"तुम्हाला ग्रेव्हीचं पडलंय, बाबा. माझ्या खिशातून जातात ते पैसे जातात कुठे, ते सांगा आधी. जिलियन, तू सांग. तुमच्याकडे एका खाटेमागे मॅनेजर किती?"

त्याची बहीण जिलियन बीफ कापत राहिली. टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता, हे तिला आईने, डोरीनने, गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा कळलं. एकोणतीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात काढलेली, त्यातली नऊ वर्षं वॉर्डची मुख्य नर्स म्हणून. पण गेल्या हिवाळ्यापासून तिला कुठेच स्वस्थ बसवत नव्हतं. घरी बसली की वॉर्ड आठवायचा, वॉर्डात असली की बाबांचा खुबा.

"खाटा असतील तर मॅनेजर मोजू ना," ती शेवटी म्हणाली. "शुक्रवारी माझ्या वॉर्डाबाहेरच्या बोळात अकरा माणसं ट्रॉलीवर होती. एका म्हातारीला तर औषधांच्या कपाटाला टेकवून ठेवलं होतं. मॅनेजर दिसला असता तर त्यालाच लावला असता ढकलायला."

"बाहेरून येतात ना लोक, त्यांनी..."

"क्रेग, हे पुढे बोललास तर हे ब्रसेल्स स्प्राउट्स तुझ्या डोक्यावर ओतीन. केरळच्या दोघी आणि मनिलाची एक उद्या निघून गेल्या तर परवा माझ्या वॉर्डाला कुलूप. तुझ्या त्या क्लबातल्या मित्रांपैकी कोण येतोय बेडपॅन उचलायला? सांग, लिहून घेते नाव."

बेथनी खुदकन हसली. क्रेगची ही लेक, वय तेवीस. आई सोडून गेल्यापासून बापाच्या जेवणाकडे आणि बडबडीकडे तीच बघायची. दिवसभर वीज कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये लोकांच्या शिव्या खायच्या, त्यामुळे रविवारी ती शक्यतो तोंड उघडत नसे.

"माझं ऐका," क्लिफर्ड म्हणाला. सगळ्यांना माहीत होतं आता काय येणार. "एकसष्ट सालापासून मी सरकारी विम्याचा स्टॅम्प भरलाय. पंधराव्या वर्षापासून. सपातांच्या कारखान्यात दर आठवड्याला माझ्या कार्डावर तिकीट चिकटायचं. एक आठवडा चुकला नाही. ते पैसे आहेत तिथे, माझ्या नावावर. येईल नंबर."

तिथे कुणाच्या नावाची डबी नसते, आज आत आलेलं आजच खर्चून जातं, हे जिलियनने त्याला वीस वर्षांत निदान वीस वेळा सांगितलं होतं. पण क्लिफर्डच्या मनातल्या त्या डबीला देवघरातल्या देवाचं स्थान होतं. तिने नाद सोडला होता.

क्रेग मात्र आज ठरवूनच आलेला होता. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून जाड, तपकिरी पाकीट काढलं आणि मोहरीच्या बाटलीशेजारी ठेवलं.

"चौदा हजार पौंड. खासगी हॉस्पिटल. मी बोललोय त्यांच्याशी, तीन आठवड्यांत तारीख. खोलीत फुलंसुद्धा ठेवतात म्हणे."

डोरीनचा हात थांबला. जिलियनने पाकिटाकडे पाहिलं आणि तिला राग यायच्या आधी हेवा वाटला. भावाने करून दाखवलं होतं. ती स्वतः नुसती 'थांबा, बघते' म्हणत राहिली होती.

क्लिफर्डने रुमालाने तोंड पुसलं. "यावर कर भरलास?"

"काय?"

"सोपा प्रश्न आहे. कर भरलास का?"

क्रेगचे कान लाल झाले. लहानपणी खिडकी फोडून आला की व्हायचे तसेच. "रोखीचे आहेत, बाबा. लोकांच्या घरी पाणी तापवायचे बॉयलर बसवले, त्यांनी नोटा दिल्या. रोखीवर कोण भरतं कर?"

"म्हणजे जिलियनच्या वॉर्डातल्या खाटा विकून मला खोली आणलीस तू. फुलांची."

"असं कसं बोलता हो! अन्याय माझ्यावर होतोय! पन्नास हजारांच्या वर एक पौंड गेला की सगळ्या कमाईवर चाळीस टक्के कापतात. सगळ्या! राबायचं मी आणि खायचं त्यांनी? म्हणून तर फेब्रुवारीत कमाई पन्नास हजारांशी आली की कराचं वर्ष संपेपर्यंत मी पावतीचं काम घेतच नाही. घेतलं तर रोखीचं, नाहीतर मासे धरत बसतो."

"बाबा," बेथनी ताटाकडे बघत म्हणाली, "सगळ्यावर नाही लागत."

"काय नाही लागत?"

"चाळीस टक्के. फक्त वरच्या पौंडावर लागतात. खालच्यावर आधी होता तोच कर. एक पौंड जास्त मिळवलास तर त्या एका पौंडातले चाळीस पेन्स जातात. बाकीच्याला कुणी हात लावत नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळीकडे लिहिलेलं आहे. सरकारच्या साइटवर आहे. एक पान आहे फक्त."

खिडकीवर गारांचा सडा पडला आणि थांबला. क्रेग हिशेब करत होता, हे त्याच्या ओठांवरून दिसत होतं.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "सहाही वर्षं सगळा फेब्रुवारी मी कालव्यावर थंडीत कुडकुडत बसलोय. एक धड मासा लागला नाही."

"यॉर्कशायर पुडिंग घे अजून एक," डोरीन म्हणाली.

एरवी जिलियनने ही संधी सोडली नसती. वर्षभर पुरतील इतके टोमणे त्यात होते. पण भावाचा उतरलेला चेहरा बघून तिला काही बोलवेना. मूर्खपणातून चोरी, आणि चोरीतून बापाचं ऑपरेशन. माणूस वाईट नव्हता, अडाणी होता. आणि त्याला अडाणी ठेवण्यात कुणाचं काय जात होतं!

क्लिफर्डने सुरीच्या टोकाने पाकीट परत ढकललं. "रांगेत माझ्या पुढे कोण आहे मला माहीत नाही. पण आहे कुणीतरी. त्याला डावलून मी जायचा नाही."

"डावलता कसलं? उलट तुमची जागा रिकामी होते त्याला!"

"सर्जन तोच ना? मंगळवारी पैसेवाल्याचा, बुधवारी रांगेतल्याचा. हात दोनच आहेत त्याला. मग तो मंगळवार आला कुणाच्या वाटचा?" आणि क्लिफर्डने काटा उचलून भिंतीवरच्या फोटोकडे रोखला.

म्हणजे आर्थर आला. आर्थर हा क्लिफर्डचा थोरला भाऊ, क्लिफर्ड जन्मायच्या आधीच गेलेला. वय पाच, घसा सुजलेला, डॉक्टरची फी साडेसात शिलिंग. त्याची आई हॅना, सगळ्या गल्लीत उसनवारी करून मोज्यात नाणी बांधून डॉक्टरकडे पोचली तेव्हा तिच्या काखेतलं पोर थंड पडलं होतं. मग लढाई झाली, फी न घेणारी सरकारी हॉस्पिटलं आली, आणि हॅना मरेपर्यंत दवाखान्यात जाताना टोपी घालून जायची, चर्चला गेल्यासारखी. या घरात आर्थर आला की वाद मिटायचा. चाळीस वर्षं हा नियम होता.

डोरीनने हातातला वाढायचा चमचा खाली ठेवला.

"आर्थरला जाऊन सत्त्याऐंशी वर्षं झाली, क्लिफ," ती म्हणाली. "मी आहे अजून."

"डोरीन."

"घे ते पैसे."

क्रेगलासुद्धा हे अपेक्षित नव्हतं. पंचावन्न वर्षांत आईने चारचौघांत बाबांच्या विरुद्ध शब्द काढलेला जिलियनला आठवत नव्हता. खाजगीत काढत असेल. टेबलावर कधीच नाही.

"तत्त्व तुझं आहे," डोरीन म्हणाली, "पण पायऱ्या माझ्या आहेत. तेरा."

"कसल्या पायऱ्या?" जिलियनने विचारलं.

"डोरीन, पोरांसमोर नको."

"पोरांसमोरच सांगते. नोव्हेंबरपासून वर आलेला नाही हा. पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपतो. रविवारी तुम्ही यायच्या आधी उशी सोफ्यामागे कोंबतो, आणि मला बजावतो, बोलायचं नाही. रोज झोपताना मी चपलेने जमिनीवर दोनदा ठोकते. मग हा खालून काठीने छताला दोनदा ठोकतो. झालं आमचं बोलणं! पंचावन्न वर्षं संसार करून ठोकाठोकीवर आले मी!"

जिलियनला वाटलं, कुणीतरी तिच्याच तोंडात मारली. रोग्याला दारातून बघून त्याला कुठे दुखतंय ते ओळखणारी बाई म्हणून हॉस्पिटलात तिचं नाव होतं. आणि सख्खा बाप दर रविवारी ती यायच्या आधीच खुर्चीत बसलेला असतो, ती गेल्यावरच उठतो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. लाज वाटली तिला. 

ती ताडकन उठली. "यादीचं पत्र कुठे आहे? त्यावर नंबर असतो. उद्या त्या विभागात स्वतः जाऊन उभी राहते मी. बघते कोण हलवत नाही ते."

"बस गं. जेवण गार होतंय."

"होऊ दे. कुठे आहे पत्र? घड्याळामागे?"

"पोरी, बस म्हणतो ना."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. रागापेक्षा वेगळं काहीतरी. पण जिलियन थांबली नाही. या घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद पुढच्या खोलीत शेकोटीवरच्या घड्याळामागे असायचा. मृत्युपत्रापासून दुधाच्या बिलापर्यंत. सोफ्यामागून उशीचं एक टोक बाहेर आलं होतं, ते तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. विमा, चष्म्याची पावती, गावच्या बँडच्या सहलीचं पत्रक. मग हॉस्पिटलचा निळा शिक्का. तिने उभ्या उभ्या वाचलं. मग परत वाचलं.

ती परतली तेव्हा क्लिफर्ड आपल्या ताटातल्या ग्रेव्हीत बटाट्याचा एकच तुकडा फिरवत होता.

"वाचते," जिलियन म्हणाली. "'दिनांक बावीस ऑक्टोबर रोजी आमच्या प्रतिनिधीशी फोनवर बोलताना आपण आपली प्रकृती ठीक असून तक्रार नसल्याचं कळवलंत, हे ऐकून आनंद झाला. त्यानुसार आपलं नाव शस्त्रक्रियेच्या यादीतून कमी करण्यात आलं आहे.'"

"कमी केलं?" क्रेग खुर्ची मागे सारून उठला. "कोण गाढव आहे तो? नाव सांग त्याचं! कुणी काढलं नाव?"

"बाबांनी," जिलियन म्हणाली.

 मग डोरीन हळूच म्हणाली, "क्लिफ, काय सांगितलंस तू त्यांना?"

"चांगली पोरगी होती गं," क्लिफर्ड म्हणाला. "गोड आवाज. म्हणाली, 'मिस्टर हॅलिवेल, कसे आहात?' आता कुणी कसे आहात विचारलं तर माणूस काय म्हणतो? 'ठीक चाललंय, तक्रार नाही.' तेच म्हटलं. मग म्हणाली, 'खुब्याचं कसं काय?' म्हटलं, 'चालायचंच, वय झालं.' म्हणाली, 'वा, छान.' मीही म्हटलं, 'तुम्ही एवढी विचारपूस केलीत, आभारी आहे.' आणि ठेवला."

"आजोबा," बेथनी म्हणाली, "त्या पोरीसमोर पडद्यावर तीन चौकोन असतात. बरं आहे, तसंच आहे, वाढलंय. तुम्ही ठीक म्हणालात, तिने टिचकी मारली. दिवसाला ऐंशी फोन संपवायचे असतात तिला. मला माहितीय ना. मीही तेच करते."

जिलियनला कुणावर ओरडावं कळेना. तिच्या वॉर्डात छातीत कळ येऊन आलेला माणूसही म्हणायचा, 'थोडं जड वाटतंय, सिस्टर, उगाच तुम्हाला त्रास.' या देशातल्या म्हाताऱ्यांच्या 'ठीक आहे'वर विश्वास ठेवायचा नाही, हे ती नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवायची. पण पडद्याला कोण शिकवणार? आणि ज्याने हे फोन करायचं ठरवलं, त्याला हे माहीत नसेल? चांगलं माहीत असणार. यादी आखूड करायची तर म्हाताऱ्यांना तब्येत विचारण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

"पत्र कळलं होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"कळलं."

"पाच महिने झाले, बाबा! मग बोलला का नाहीत?"

"एकदा फोन केला मी. चाळीस मिनिटं गाणं वाजत राहिलं. मग विचार केला, आपणच ठीक म्हणालो, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? आणि माझ्याहून वाईट अवस्थेत असेलच ना कुणीतरी."

"थांबा, थांबा," क्रेग म्हणाला. तो अजून उभाच होता. "पाच महिने मी दर रविवारी इथे बसून त्या आरोग्यमंत्र्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. घसा बसला माझा. आणि तुम्ही समोर बसून ग्रेव्ही मागताय?"

"तू रंगात यायचास," क्लिफर्ड म्हणाला. "मोडवेना मला."

आधी डोरीन हसली. मग बेथनी. मग क्रेग खुर्चीत बदकन बसला आणि कपाळाला हात लावून हसला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. जिलियनला हसू आलं नाही. ती येरझाऱ्या घालत होती, सिंकपासून दारापर्यंत, दारापासून सिंकपर्यंत.

"उद्या सकाळी आठला डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन," ती म्हणाली. "आठ म्हणजे आठ, आठ वाजून एक मिनिट झालं की लाइन लागत नाही. जुनी तारीख धरून नाव परत घाला, असं पत्र मी भांडून लिहून घेईन. मिळेल किंवा नाही मिळणार, शब्द देत नाही. पण दुखतंय किती, ते तुम्हालाच सांगावं लागेल. तुमच्या तोंडून. माझं ऐकत नाहीत ते."

"आणि जुनी तारीख नाही मिळाली तर हे पाकीट," डोरीन म्हणाली. "मध्ये बोलू नकोस, क्लिफ. क्रेग, तू त्यावर आधी कर भरायचा."

"आई! मग चौदाचे आठ-साडेआठच उरतील!"

"मग अजून बॉयलर बसव. फेब्रुवारीत."

क्लिफर्डने तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. क्रेगने पाकीट उचलून खिशात घातलं, आणि जिलियनच्या लक्षात आलं की आज पहिल्यांदाच तो आणि ती एका बाजूला होते.

"चला, सराव करू," ती म्हणाली आणि टेबलावरचा वाढायचा चमचा उचलून कानाला लावला. "ट्रिंग ट्रिंग. नमस्कार, मिस्टर हॅलिवेल. कसे आहात?"

"ठीक आहे, तुम्ही कशा..."

"नाही!" तिघे एकदम ओरडले.

"बरं, बरं. पुन्हा."

"मिस्टर हॅलिवेल, कसे आहात?"

"थोडं आखडल्यासारखं होतं. सकाळी सकाळी."

"थोडं?" क्रेग म्हणाला. "बाबा, परवा पायमोजा चढवताना तुम्ही ओठ चावून रक्त काढलंत. मी दारात होतो. तुम्हाला वाटलं मी पाहिलं नाही."

"बोळात माणसं झोपलीत म्हणते जिलियन. त्यांच्यापुढे माझं रडगाणं कुठे गाऊ?"

"बोळातल्यांचं मी बघते," जिलियन म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा. पुन्हा. कसे आहात?"

क्लिफर्डने ओठ हलवले.  अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, कारखाना बंद पडला तेव्हा तक्रार नाही, बहिणीला पुरलं तेव्हा तक्रार नाही. जिलियनला तो परीक्षेत अडकलेल्या पोरासारखा दिसला आणि तिचा धीर सुटायला लागला. होणार नाही याच्याने. उद्या आठ वाजता हा फोनवर म्हणेल, ठीक आहे, आणि संपलं.

डोरीन उठली. टेबलाला वळसा घालून आली, लेकीच्या हातातून चमचा घेतला आणि नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून स्वतःच्या कानाला लावला. दांड्यावर ग्रेव्ही होती, ती केसांना लागली.

"मिस्टर हॅलिवेल," ती म्हणाली, "कसे आहात?"

क्लिफर्डने हातातला काटा ताटात ठेवला.

"दुखतंय," तो म्हणाला. "फार दुखतंय, डोरीन. बसलं तरी दुखतं, झोपलं तरी दुखतं. तू वरून ठोकतेस ना, तेव्हा मी जिन्यापर्यंत जातो रोज. पहिल्या पायरीवर पाय ठेवतो आणि परत येतो. मला वर यायचंय गं."

"हो," डोरीन म्हणाली. "लिहून घेतलं हं, मिस्टर हॅलिवेल." आणि चमचा कानाला तसाच धरून ती रडायला लागली.